उल्लेखांची गणना आणि विद्वत्तेचे मोल

विद्वानाची योग्यता कशी ठरवावी, हा प्रश्न जुना आहे. ती आकड्याने ठरविण्याचा प्रघात मात्र अलीकडचा. १९६४ साली यूजीन गारफील्ड या अमेरिकन ग्रंथसूचीकाराने विज्ञानविषयक निबंधांची एक सूची प्रसिद्ध केली. कोणत्या निबंधाचा उल्लेख पुढे कोणी कोठे केला, हे तीवरून कळे. अभ्यासकास संदर्भ शोधणे सुलभ व्हावे, हा तिचा मूळ हेतू. पुढे या शोधसाधनाचाच मापदंड झाला. २००५ मध्ये हिर्श या पदार्थविज्ञानज्ञाने एक अंक सुचविला : ज्याच्या दहा निबंधांचा प्रत्येकी निदान दहा वेळा उल्लेख झाला, त्याचा अंक दहा. आज आपल्या विद्यापीठांची राष्ट्रीय क्रमवारी लावतानाही निबंध व त्यांचे उल्लेख मोजले जातात. आकड्यात सोय आहे, आणि थोडा न्यायही आहे. केवळ वशिल्याने मोठा झालेला मनुष्य त्यामुळे उघडा पडू शकतो. एवढे मान्य करूनच त्याची परीक्षा केली पाहिजे.

या परीक्षेसाठी आम्हां जबलपूरकरांस दूर जावयास नको. भेडाघाटच्या वाटेवर तेवर हे खेडे लागते. कलचुरींची राजधानी त्रिपुरी ती हीच. या राजांच्या लेखांतील संवत् नेमका केव्हा सुरू झाला, हा एके काळी मोठा वादाचा विषय होता. कनिंगहॅम आणि कीलहॉर्न यांनी आपापली गणिते मांडली. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी तिथिवार पुन्हा ताडून पाहिले, आणि कलचुरि-चेदि संवताच्या लेखांचा त्यांचा संग्रह १९५५ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. भेडाघाटच्या अल्हणदेवीच्या लेखातील ९०७ वे वर्ष म्हणजे इ. स. ११५५, असे आज आपण सहज म्हणतो. तसे म्हणताना या गणितामागच्या माणसांची नावे कोणी घेत नाही. जे ज्ञान सर्वांच्या अंगवळणी पडते त्याच्या कर्त्याचे नाव गळून पडते, हे रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने दाखविलेच आहे. म्हणजे कार्य जितके मूलभूत, तितका त्याचा उल्लेख विरळ होण्याचा संभव अधिक!

हिर्श यांच्या अंकाचा आणखी एक विक्षेप पाहा. ज्याने आयुष्यात तीनच ग्रंथ लिहिले, त्याचा अंक तिनाच्या वर कधीच जाणार नाही. मग प्रत्येक ग्रंथाचा आधार हजारांनी का घेतलेला असेना. मिराशींचे इतर लेखन विपुल आहे. पण कलचुरी, वाकाटक (१९६३) आणि शिलाहार (१९७७) या तीन लेखसंग्रहांवरच त्यांना तोलावयाचे म्हटले, तर हा तराजू तीन दाखवून थांबेल. शिवाय ज्या परदेशी सूच्यांवरून ही मोजणी होते, त्यांत मराठी नियतकालिकांस जवळजवळ स्थान नाही. मिराशी इंग्रजीबरोबर मराठीतही आवर्जून लिहीत. आजच्या तरुण प्राध्यापकास मात्र हा मापदंड एकच सांगतो : मराठीत लिहिशील तर हिशेबात धरला जाणार नाहीस. आमच्या मते या पद्धतीचा सर्वांत मोठा दोष हाच होय.

दुसरे साधन सहकार्याच्या जाळ्याचे. कोणी कोणाबरोबर लिहिले याचे नकाशे आता काढतात. येथेही उदाहरण जवळचेच आहे. १९१६ साली मध्य प्रांतातील जाती-जमातींविषयी चार खंडांचा ग्रंथ निघाला. त्याच्या शीर्षकपृष्ठावर कर्ते रसेल, आणि साहाय्यक रायबहादूर हीरालाल. हे हीरालाल कटनीचे, सरकारी नोकरीत एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर. त्याच वर्षी प्रांतातील शिलालेखांची त्यांची स्वतंत्र सूचीही प्रसिद्ध झाली. मिराशींच्या ग्रंथात तिचे हवाले आहेत. नकाशात रसेल व हीरालाल हे दोन ठिपके उमटतील आणि त्यांमध्ये एक रेघ. परंतु त्या रेघेच्या एका टोकास साहेब होता आणि दुसऱ्या टोकास त्याच्या हाताखालचा देशी अंमलदार, हे ती रेघ सांगणार नाही. आपल्यापैकी ज्यांनी टिपणी लिहिली आणि खाली सही वरिष्ठांची पाहिली, त्यांस याचा अर्थ फोडून सांगावयास नको.

कचेरीच्या जावक नोंदवहीत पत्रे किती गेली हे दिसते. कोणत्या पत्राने कोणाचे काम झाले, हे दिसत नाही. उल्लेख मोजू नयेत असे आमचे म्हणणे नाही. ते वाचावेत, एवढेच म्हणणे आहे. अमुक ठिकाणी आधार घेतला आहे, खंडन केले आहे, की केवळ शिष्टाचार पाळला आहे, हे वाचल्यावाचून कळत नाही. आणि वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारावा : हे काम काढून घेतले, तर काय काय कोसळेल? हीरालालांची सूची आणि मिराशींचा संग्रह काढून घ्या. तेवरचे दगड जागेवर राहतील, परंतु त्यांतील कितीतरी पुन्हा मुके होतील. विद्वत्तेचे मोल ठरविण्यास हा प्रश्न कठीण आहे खरा, पण आकड्यापेक्षा प्रामाणिक आहे.