छेद कोणता धरला? माँटानातल्या एका खाणीच्या अहवालाचं वाचन

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची वळणं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



सुरुवातीला एक विचारतो. इथं बसलेल्यांपैकी किती जणांनी एखाद्या प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलाय? हात वर करा. दोन. त्यातला एक हात आमच्या संयोजकांचा आहे, तो मी धरत नाही. (हशा)

हसू नका, कारण हे अहवाल न वाचले जाण्यासाठीच लिहिलेले असतात असं माझं मत होत चाललं आहे. पाचशे पानं, त्यात तक्ते, तक्त्यांना तळटीपा. आपण कादंबरीची समीक्षा करतो, कवितेची करतो. या कागदांची कुणी करत नाही. खरं तर हेही कुणीतरी लिहिलेलंच असतं. कुठला शब्द घ्यायचा, कुठला टाळायचा, कुठली गोष्ट मुख्य मजकुरात आणि कुठली परिशिष्टात, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. तर आज मी एक अहवाल साहित्यासारखा वाचणार आहे. त्यातला एक आकडा तेवढा लक्षात ठेवा : ०.०४ टक्के.

ठिकाण आहे अमेरिकेतलं माँटाना राज्य. बिलिंग्ज शहराच्या उत्तरेला बुल माउंटन्स नावाच्या टेकड्या आहेत. वालुकाश्म, पाइनची झाडं, मधे मधे गवताळ माळ. पाऊस कमी. लोक गुरं पाळतात. जवळचं गाव राउंडअप. या टेकड्यांच्या पोटात कोळसा आहे, आणि सिग्नल पीक एनर्जी ही कंपनी तो भुयारी पद्धतीनं काढते. इथला बहुतेक कोळसा अमेरिकेत जळत नाही. रेल्वेनं कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर जातो, तिथून जहाजानं जपान आणि दक्षिण कोरियाला. हे विसरू नका, पुढे लागणार आहे.

आता 'सरकारी जमीन' म्हणजे काय ते बघू, कारण आपल्या डोळ्यांसमोर लगेच राखीव जंगल येतं. इथं तसं नाही. १८६४ मध्ये नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेला लोहमार्ग टाकण्यासाठी काँग्रेसनं जमीन दिली, ती एकाआड एक चौरस मैल अशी. एक घर रेल्वेचं, एक घर सरकारचं. बुद्धिबळाचा पटच. पुढे सरकारनं आपल्या वाट्यातली बरीच जमीन वसाहतदारांना दिली, पण १९१६ च्या कायद्यानं गुरांसाठी जमीन देताना खालची खनिजं स्वतःकडे ठेवली. म्हणजे वरचं गवत शेतकऱ्याचं, खालचा कोळसा वॉशिंग्टनचा. आणि शेजारच्या घरात कोळसा खासगी.

याचा परिणाम मोठा गमतीचा आहे. ही खाण लाँगवॉल पद्धतीची. कोळशाची लांबच लांब भिंत यंत्रानं तासत जायची, यंत्राच्या डोक्यावर हायड्रॉलिक आधार असतात, ते यंत्राबरोबर पुढे सरकतात आणि मागचं छत कोसळू दिलं जातं. कोसळतं म्हणजे अपघातानं नाही, ते कोसळावंच लागतं, पद्धतच ती आहे. आता अशी भिंत तासत जाताना मधलं एक सरकारी घर आलं की तिथं थांबून, वळसा घालून पलीकडे जाता येत नाही. थोडा सरकारी कोळसा मिळाला नाही तर आजूबाजूचा बराच खासगी कोळसाही अडतो. आकडा सांगतो. २०२५ च्या मंजुरीत सरकारी कोळसा २.२८ कोटी टन आहे, आणि त्याच्यामुळे मोकळा होणारा बिनसरकारी कोळसा ३.४५ कोटी टन. किल्ली लहान, कुलूप मोठं. म्हणून सरकारचा निर्णय हा फक्त सरकारच्या कोळशापुरता नसतो.

छत कोसळलं की वरची जमीन खचते. खचली की भेगा पडतात. आणि कोरड्या मुलखात झऱ्याचं पाणी भेगेत गेलं की गुरं कुठे पाणी पिणार? तिथल्या रँचवाल्यांचं भांडण इथून सुरू होतं, हवामानबदलापासून नाही. अशा कागदांत याला उत्तर असतं : झरा आटला तर पर्यायी पाणी दिलं जाईल. नळ, विहीर, टँकर. 'पर्यायी पाणी' हा शब्द मला फार बोलका वाटतो. झरा हा तिथे स्रोत राहत नाही, सेवा होतो. आणि सेवा कोण देणार, तर कंपनी. कंपनी गेल्यावर? याच कंपनीला २०२२ मध्ये खाण-सुरक्षेच्या नियमभंगाबद्दल फेडरल न्यायालयात दहा लाख डॉलरचा दंड झाला; त्यात खाणीच्या सोडून दिलेल्या भागांत गाळमिश्रित कचरा ढकलल्याचाही मुद्दा होता. आश्वासनाला किती वजन द्यायचं हे वाचणाऱ्यानं ठरवावं.

तर कायदा. राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा, लोक त्याला 'नेपा' म्हणतात. १ जानेवारी १९७० ला निक्सननी सही केली. हा कायदा खाण थांबवत नाही. तो एवढंच म्हणतो : करायचं ते करा, पण करण्याआधी परिणाम बघा आणि लोकांना सांगा. दोन पायऱ्या आहेत. आधी छोटं मूल्यांकन, 'ईए'. त्यात परिणाम लक्षणीय दिसला तर मोठं, सविस्तर 'ईआयएस'. लक्षणीय नाही असं ठरलं की काम संपलं. म्हणजे सगळा खेळ 'लक्षणीय' या एका शब्दावर.

२०१५ मध्ये अंतर्गत व्यवहार खात्यानं, म्हणजे त्यांचं इंटिरियर खातं, छोटं मूल्यांकन करून 'लक्षणीय नाही' म्हटलं. त्या कागदात नोकऱ्या किती, कर किती, रॉयल्टी किती, सगळं डॉलरमध्ये. धुराची किंमत मात्र डॉलरमध्ये नाही; ती मोजणं अनिश्चित, म्हणून मोजली नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये न्यायाधीश डोनाल्ड मोलॉय यांनी हे फेटाळलं. एका पारड्यात वजनं घालायची आणि दुसऱ्या पारड्याबद्दल 'तिथं काय आहे ते सांगता येत नाही' म्हणायचं, याला तोलणं म्हणत नाहीत. आमच्या गावच्या बाजारात असा तराजू कुणी धरला असता तर बायकांनी तिथल्या तिथे सुनावलं असतं.

मग २०१८ चा अहवाल. माझ्या मते हा जास्त हुशार कागद आहे, म्हणून जास्त वाचण्यासारखा. आता त्यांनी आकडे दिले. किती वायू बाहेर पडणार? विस्ताराच्या सगळ्या काळात मिळून १९ कोटी टन. लपवलं नाही, छापलं. पण मग टक्केवारी काढली, आणि टक्केवारी काढताना छेद कोणता धरला ते बघा.

कोळसा जाळल्यावर होणारा धूर धरला, तेव्हा छेदात सगळं जग घेतलं. जगाचं वर्षाचं उत्सर्जन. उत्तर आलं ०.०४ टक्के. आणि अमेरिकेशी, माँटानाशी तुलना करायची वेळ आली तेव्हा अंशातून जाळण्याचा धूर काढून टाकला, फक्त खाणकाम आणि वाहतूक ठेवली. जाळणं परदेशात ना! म्हणजे अंश मोठा तेव्हा छेद प्रचंड. आणि छेद लहान झाला तेव्हा अंशच बारीक केला. दोन्हीकडे उत्तर नगण्य. एकही आकडा खोटा नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं. इथं प्रत्येक आकडा आपापल्या जागी खरा आहे आणि सगळे मिळून दिशाभूल करतात.

०.०४ टक्के म्हणजे किती? जगाचं वर्षाचं उत्सर्जन ढोबळ पाच हजार कोटी टन धरा. त्याचे ०.०४ टक्के म्हणजे दोन कोटी टन. दरवर्षी. आता जवळचं उदाहरण घेऊ. आपलं चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र, २९२० मेगावॅट. ते साठ टक्के भारानं चाललं आणि एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर वर्षाला दीड कोटी टन होतात. हा माझा ढोबळ हिशोब आहे, अधिकृत नाही. पण त्याच रीतीनं जगाला भागा : ०.०३ टक्के. चंद्रपूरच्या माणसाला जाऊन सांगा की तुमचं केंद्र नगण्य आहे. जग छेदात घेतलं की जगात काहीच उरत नाही हो.

नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्ये दोन विरुद्ध एक असा निकाल दिला. बहुमतानं म्हटलेलं सरळ आहे : या विस्तारातून निघणारा कोळसा दरवर्षी जे उत्सर्जन करेल ते अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या एकेकट्या स्रोतापेक्षाही जास्त आहे, आणि तरीही 'लक्षणीय नाही' का, याचं पटणारं कारण खात्यानं दिलेलं नाही. लक्षात घ्या, न्यायालयानं असं म्हटलं नाही की अमुकच पद्धतीनं मोजा. धुराची सामाजिक किंमत काढण्याचं सूत्र त्यांच्यावर लादलं नाही. फक्त कारण मागितलं. पुढे २०२३ मध्ये मोलॉय यांनी जुनी मंजुरी रद्द केली.

अशा कागदांत आणखी एक वाक्य नेहमी भेटतं. 'आपण नाही काढला तर दुसरा कुणी काढेल, जळणारा कोळसा तेवढाच.' वायोमिंगमधल्या पावडर रिव्हर खोऱ्यात भूव्यवस्थापन खात्यानं जवळपास दोनशे कोटी टनांचे भाडेपट्टे देताना हेच धरलं होतं. २०१७ मध्ये दहाव्या परिमंडळानं ते अतार्किक ठरवलं. आणि खरंच, एवढा स्वस्त कोळसा बाजारातून गेला तरी भाव हलणार नाही, मागणी हलणार नाही, हे कुठल्या अर्थशास्त्रात बसतं? याच खात्याला खाणीमुळे होणारा फायदा मोजताना मात्र बाजार चांगला समजतो.

आता दुसरी बाजू, नाहीतर मीही एकाच पारड्यात वजनं घालीन. राउंडअपसारख्या छोट्या गावात खाणीची नोकरी ही पगाराची नोकरी आहे, तिथं दुसरी तशी फार नाही. कंपनीनं भाडेपट्ट्याचा अर्ज केला २००८ मध्ये, प्रकरण चाललं २०२५ पर्यंत. सतरा वर्षं. जो माणूस 'ही काय पद्धत झाली' म्हणतो, त्याला मूर्ख म्हणता येणार नाही. आणि 'लक्षणीय' म्हणजे नेमकं किती टन, याचा उंबरठा कायद्यात नाही, हेही खरं. पण त्या सतरा वर्षांतली किती वर्षं अहवालामुळे गेली आणि किती अहवाल नीट न लिहिल्यामुळे गेली? २०१५ मध्येच मोठं मूल्यांकन केलं असतं तर? तो हिशोब कुणी मांडत नाही.

त्याऐवजी काय झालं ते चटकन सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय ऊर्जा आणीबाणी जाहीर झाली. एप्रिलमध्ये खात्यानं आणीबाणीची कार्यपद्धत आणली : छोटं मूल्यांकन साधारण १४ दिवसांत, मोठं २८ दिवसांत. २९ मे ला सर्वोच्च न्यायालयानं युटातल्या एका रेल्वेमार्गाच्या प्रकरणात ८-० असं म्हटलं की नेपाच्या बाबतीत न्यायालयांनी खात्यांच्या निर्णयाला बराच मान द्यावा, आणि प्रकल्पाच्या पुढेमागे होणाऱ्या वेगळ्या प्रकल्पांचे परिणाम तपासायची सक्ती नाही. आठ दिवसांनी, ६ जूनला, बुल माउंटन्सच्या विस्ताराला मंजुरी जाहीर झाली. खाणीचं आयुष्य नऊ वर्षांपर्यंत वाढलं.

देशात ऊर्जेची आणीबाणी, आणि त्या काळात मंजूर केलेला कोळसा जातो जपानला! (हशा) मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो होतो. पण यात एक गंभीर भाग आहे. २०१८ चा अहवाल चुकीचा असला तरी वाद घालण्याजोगा होता. त्यात आकडा होता, छेद होता, म्हणून कुणीतरी म्हणू शकलं की छेद चुकला. २८ दिवसांच्या कागदात वाद घालायला पुरेसं काही शिल्लक राहील का, ही माझी काळजी आहे. रँचवाल्यानं वकील गाठून, झऱ्याच्या नोंदी काढून काही म्हणेपर्यंत महिना संपतो.

आपल्याकडचं मी मुद्दाम टाळलं, कारण आपल्याकडे २००६ च्या अधिसूचनेनुसार अहवाल प्रकल्पवालाच सल्लागार नेमून करून घेतो, ते वेगळंच प्रकरण आहे. पण चंद्रपूर, यवतमाळ, उमरेडकडचे कुणी असतील तर 'विस्तार' हा शब्द त्यांना ओळखीचा असेल. तिथंही आधीची खाण छेदात असते.

वेळ झाली आहे, एक प्रश्न घेतो. हो, मागचे आजोबा. (प्रश्न : कोळसा जपानमध्ये जळला तर तो जपानच्या खात्यात मोजतात ना? मग अमेरिकेनं धरला नाही यात चूक काय?)

उत्तम प्रश्न, आणि खात्याच्या बचावातला हाच सगळ्यात मजबूत भाग आहे. देशांच्या उत्सर्जनाची यादी करताना जिथं जळतं तिथं मोजतात, बरोबर. कारण दोनदा मोजलं जाऊ नये. पण ती यादी म्हणजे वर्षअखेरीची जमाखर्चाची वही. नेपाचा अहवाल ही वही नाही. तो सही करणाऱ्यापुढे ठेवायचा कागद आहे, आणि त्याला विचारायचं असतं : तुझ्या सहीनं काय काय होईल? सही वॉशिंग्टनमध्ये होते. टोकियोतल्या माणसानं या खाणीवर सही केलेली नाही. शिवाय खात्यानं परदेशातला धूर अजिबात धरला नाही असंही नाही, जगाशी तुलना करताना धरलाच होता. परदेशातला धूर एका तक्त्यात आपला आणि दुसऱ्या तक्त्यात परका, हे त्यांनी पुढे कुठेच समजावून सांगितलं नाही.