घडीत उमटलेला शिक्का

नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीत परंड्यात तानाजी सावंत यांनी राहुल मोटे यांना 1,509 मतांनी हरवलं. दोघांनाही लाखावर मतं, आणि अंतर एवढंच. असा निकाल लागला की पारावर 'बाद किती झाली?' हा प्रश्न निघतोच. मला मात्र अशा वेळी निवडणूक संचालन नियम, 1961 मधला 56वा नियम पुन्हा वाचावासा वाटतो.

हा नियम यंत्राचा नाही, कागदी मतपत्रिकेचा. मत बाद करण्याची कारणं तो एकामागून एक सांगत जातो आणि मध्येच थांबून हात आखडता घेतो: शिक्का पुसट आहे किंवा दोनदा मारला आहे, एवढ्यावरून मत बाद करू नका; मत कुणाला द्यायचं होतं हे स्पष्ट दिसत असेल तर ते मोजा. कायद्याच्या कोरड्या भाषेत हा शेतात राबणाऱ्या, थरथरत्या हाताचा विचार आहे.

शिक्क्याची घडणही तितकीच विचारपूर्वक. बाणांची फुली स्वस्तिकासारखी एकाच दिशेने वळलेली. ओली शाई घडीत दुसऱ्या नावावर उमटली, तर तिथे वळण उलटं दिसतं. मूळ शिक्का कोणता आणि डाग कोणता, हे मोजणाऱ्याला त्या वळणावरून कळतं. डाग दुसऱ्या नावावर पडूच नये म्हणून केंद्रावर आधी उभी घडी घालायला सांगत. आणि 56वा नियमच सांगतो: बाद करण्याआधी उमेदवाराच्या प्रतिनिधीला मतपत्रिका पाहू द्यायची, पण हातात द्यायची नाही. हे वाक्य मला सगळ्यात आवडतं. विश्वास आणि सावधपणा त्यात शेजारी बसलेत.

टपाली मताच्या नियमात ही माया आटते. 2024 च्या लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिममध्ये यंत्रावरच्या मतांत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतं धरल्यावर रवींद्र वायकर 48 मतांनी जिंकले. टपालातली बाद मतं होती 111. बाद टपाली मतं फरकाहून जास्त असली की ती पुन्हा तपासावीच लागतात, हे निवडणूक आयोगाचं बंधन मला फार मोलाचं वाटतं. पण टपाली मतासोबतच्या घोषणापत्रावर मतदाराची सही राहून गेली असेल, तर मतपत्रिकेचं आतलं पाकीट उघडतच नाहीत. आत शिक्का असो, बरोबरची खूण असो, उद्देश कितीही स्पष्ट असो. तो वाचायला 56वा नियम तिथवर पोहोचत नाही. पाकिटावर शेरा मारून ते तसंच गठ्ठ्यात बांधतात.