अक्रोपोलिसचे तीन प्रवासी

अथेन्सच्या अक्रोपोलिसवरील प्रवासलेखनाची तुलना करताना स्थळ स्थिर आणि द्रष्टा तेवढा बदलता, असे सहसा गृहीत धरले जाते. वर्णनांतील भिन्नता मग लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाच्या खाती जमा होते. हे गृहीतक अपुरे आहे. कारण येथे स्थळही बदलत होते.

इ. स. पू. ४४७ ते ४३२ या काळात उभारलेले पार्थेनॉन पुढे चर्च झाले, नंतर मशीद. १६८७ मध्ये व्हेनिसच्या तोफगोळ्याने आतील ऑटोमन दारूसाठा पेटला आणि वास्तू भंगली. १८०६ मध्ये शातोब्रियां तेथे गेला तेव्हा भग्न मंदिरात नंतर बांधलेली लहान मशीद होती, गडावर ऑटोमन शिबंदी होती आणि लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी बरीच शिल्पे काढून नेली होती. १८११ च्या प्रवासग्रंथात तो एल्गिनला दोष देतो आणि गड उतरताना आपणही संगमरवराचा एक तुकडा उचलल्याचे सांगतो. अवशेषांविषयीची भक्ती आणि स्वामित्वाची इच्छा यांतील सीमा किती पुसट असते, याची ही नकळत दिलेली कबुलीच होय.

१८६७ मध्ये मार्क ट्वेन आला तेव्हा मशीद नाहीशी झाली होती. मध्ययुगीन फ्रँकिश मनोरा मात्र उभा होता. जहाजावर क्वारंटाइन असल्याने त्याने रात्री चोरून गड गाठला. एरवी तीर्थस्थळांची थट्टा करणाऱ्या या लेखकाचा स्वर चांदण्यात भारावतो.

१८७५ मध्ये तो मनोराही पाडला गेला. १९०४ मध्ये फ्रॉइडला दिसले ते उत्तरकालीन बांधकामे बहुतांशी हटवलेले अक्रोपोलिस. शाळेत शिकलेले हे सारे खरोखरच अस्तित्वात आहे, या आपल्या विस्मयाचा शोध त्याने १९३६ मध्ये रोमां रोलांला लिहिलेल्या पत्ररूप निबंधात घेतला. वडिलांच्या पुढे गेल्याचा अपराधभाव त्याला त्यामागे आढळला. हे विश्लेषण मार्मिक असले तरी त्यात एक बाजू सुटते. पाठ्यपुस्तकातील अथेन्स समोरच्या दृश्याशी जुळले, त्याला ते दृश्यच अभिजात काळाच्या प्रतिमेनुसार घडवले गेले होते, हेही कारण आहे.

म्हणून प्रवाससंहितेसोबत स्थळाच्या संपादनाचा इतिहासही वाचावा लागतो. अन्यथा टेकडीवरून पुसलेली शतके समीक्षेतूनही पुसली जातात.