सांधा दाखवा, मग अर्थ सांगा

पंख म्हणजे स्वातंत्र्य, माशाची शेपटी म्हणजे नेणीव, शिंग म्हणजे दडपलेली वासना. हल्ली प्रदर्शनात अर्धा माणूस, अर्धा पशू असं काही टांगलेलं दिसलं की शेजारच्या पाटीवर हा कोश छापलेला असतोच. पाटी वाचली की चित्र बघायची गरज उरत नाही. बरं, पाट्या लिहिणाऱ्यांचं सोडा. आता चित्रकारच पाटीबरहुकूम रंगवू लागले आहेत.

बॉशच्या 'गार्डन ऑफ अर्थली डिलाइट्स'ची ही गत कधीच झाली. कुणाला त्यात किमया दिसली, कलाअभ्यासक विल्हेल्म फ्रेंगरला आदमपंथीयांची गुप्त शिकवण. डोक्यावर कढई, पायांत सुरया घालून माणसं गिळत बसलेला तो पक्षीमुखी राक्षस सगळ्यांना पुरून उरला.

मोरोचे स्फिंक्स दागिन्यांखाली गुदमरतात. ख्नॉफची चित्त्याच्या अंगाची बाई हा देखणा गालिचा. संगणकाने काढून दिलेल्या गरुडसिंहांना पिसं हजार, पण पंख कुठल्या स्नायूला जोडलाय याचा पत्ता नाही.

खरा माणूस बोक्लिन. आपल्याकडे त्याला 'आयल ऑफ द डेड'पुरतं ओळखतात. बुडापेस्टला त्याचं १८८८चं चित्र आहे : गावच्या लोहाराकडे आलेला सेंटॉर. तो आपला खूर दाखवतोय, आणि लोहार घाबरत नाही, हात जोडत नाही. रोजचं गिऱ्हाईक आल्यासारखा खूर बघतो. एरवी घोड्याला धरून आणावं लागतं, दुखणं मालक सांगतो. इथे घोडा स्वतःच बोलणार आहे. 'बुद्धी विरुद्ध पशुत्व' हे ठरीव सूत्र इथे लावून बघा. नाल कुणाला ठोकायचा, बुद्धीला?

अर्थ ठरलेला असला तरी आधी सांधाच बघावा लागतो. ओडिशाच्या पटचित्रांतला नवगुंजर सारळा दासाच्या महाभारतातून आलेला : कोंबड्याचं डोकं, मोराची मान, बैलाचं वशिंड, सिंहाची कंबर, शेपटीच्या जागी नाग आणि एका पायाच्या जागी माणसाचा हात. तो हात दिसला म्हणून अर्जुनाने धनुष्य खाली घेतलं. हा देव आहे हे तिथल्या पोरालाही ठाऊक. तरी एक पट जिवंत वाटतो, दुसरा नुसती बेरीज. फरक रेषेचा : मानेवरून निघालेली रेषा वशिंडावर अडखळते की तशीच कंबरेपर्यंत वाहते?

हा शरीररचनेचा हट्ट झाला, असं म्हणणारे भेटतील. मग मॅग्रिटचं १९३४चं 'कलेक्टिव्ह इन्व्हेन्शन' घ्या. किनाऱ्यावर पडलेली, वरून मासा, खालून बाई. हा प्राणी तिथे श्वास कसा घेईल? जगण्याची सोयच नाही, आणि चित्राचा सगळा दंश त्यातच आहे. म्हणजे इथेही सांध्यापासूनच सुरुवात करावी लागते. मत्स्यकन्येचे अर्धे नुसते उलटे केले आणि कोश कोसळला. यातला कुठला अर्धा नेणिवेचा, ते पाटीवाल्यांनी सांगावं. सांगता येत नसेल तर तूर्त पाटीवर चित्राचं नाव, माध्यम आणि साल एवढंच छापावं.