नाव, स्थान आणि निदान

एचआयव्ही-बाधित रुग्णाच्या मेरुद्रवात विरळ लिम्फोमा ओळखावा कसा, हा प्रश्न वरकरणी शुद्ध वैद्यकाचा आहे. परंतु या विषयावरील वृत्तान्त वाचताना त्यातील बरीचशी अडचण संज्ञांची असल्याचे दिसून येते. म्हणून भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम नावांचा विचार करू. १९९४ साली कापोसी सार्कोमात मानवी हर्पीसकुलातील आठवा विषाणू सापडला. १९९५ साली तोच देहपोकळ्यांतील द्रवात वाढणाऱ्या एका लिम्फोमातही आढळला. या रोगास ‘प्रायमरी इफ्यूजन लिम्फोमा’ हे नाव मिळाले, ते या द्रवावरूनच. १९९७ साली वर्णिलेला प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमा आरंभी मुखविवराचा रोग मानला गेला. पुढे दोन्ही रोग अन्य स्थानीही दिसून आले. व्याख्या विस्तारली, तरी पहिल्या वर्णनाचा ठसा पुसला जात नाही. मेरुद्रव तपासताना या रोगांची सहज आठवण होत नाही, याचे एक कारण हे असावे.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. बी-लिम्फोसाइट ओळखण्यासाठी सीडी २० हे पेशीवरील चिन्ह शोधण्याचा प्रघात आहे. उपर्युक्त दोन्ही रोगांत ते बहुधा नसते. सीडी १३८सारखी प्लाझ्मापेशींची चिन्हे मात्र असतात. या दोहोंतील भेद आठवा विषाणू दाखवतो: तो पहिल्यात असतो, दुसऱ्यात नसतो. अर्थात प्रश्नच अपुरा विचारला, तर नकारार्थी उत्तर खरे असूनही दिशाभूल करते.

अहवालाची भाषा यात भर घालते. ‘कर्कपेशी दिसल्या नाहीत’ आणि ‘कर्कपेशी नाहीत’ ही विधाने एकार्थी नव्हेत; पहिले निरीक्षणाचे आहे, दुसरे अस्तित्वाचे. नमुना अल्प असेल, विलंबाने पेशी विघटित झाल्या असतील किंवा आधीच स्टेरॉइड दिले असेल, तर पेशी असूनही न दिसणे संभवते. याची उलट बाजूही आहे. एचआयव्ही-बाधितांच्या मेंदूतील प्राथमिक लिम्फोमा जवळजवळ नेहमीच एप्स्टाइन-बार विषाणूशी निगडित असतो. परंतु त्या विषाणूचा डीएनए मेरुद्रवात लिम्फोमावाचूनही सापडतो. ‘विषाणू आढळला’ म्हणजे ‘लिम्फोमा आहे’ असे नव्हे. मराठीत ‘पॉझिटिव्ह’साठी योजला जाणारा ‘सकारात्मक’ हा शब्द तर शुभाची छटा आणून घोटाळा वाढवतो. ‘आढळला’, ‘आढळला नाही’ ही साधी क्रियापदे अधिक प्रामाणिक होत.

तज्ज्ञ संदर्भाने अर्थ लावतो, असा आक्षेप यावर येईल. तो मान्य, परंतु अहवाल तज्ज्ञापुरता राहत नाही. किती द्रव तपासला, कोणती चिन्हे शोधली व कोणती शोधली नाहीत, हे त्यात नमूद असावे. पाठीतले पाणी पुन्हा काढावयाचे की निश्चिंत व्हावयाचे, हे कित्येकदा त्यातील एका क्रियापदाच्या वाचनावर ठरते.