पाहुण्या गळ्याची जागा

‘घरगुती’ हा शब्द मराठींत दोन तऱ्हांनीं वापरला जातो. लोणचें घरगुती आहे असें म्हटलें म्हणजे ती स्तुति होते; समारंभ घरगुती आहे असें म्हटलें म्हणजे जें उणें दिसेल त्याची क्षमा आधींच मागून ठेवलेली असते. अमेरिकेंतील ‘कंट्री’ गीतांचीं घरीं केलेलीं ध्वनिमुद्रणें ऐकतांना या दोन अर्थांचा गोंधळ वारंवार होतो. खुर्चीची करकर, गिटारच्या तारेवरून घसरलेलें बोट, एखादा चुकलेला श्वास हीं ज्या गाण्यांत ऐकूं येतात तें जिवंत, बाकीचें कृत्रिम, असा एक समज रसिकांत रूढ झाला आहे. आमच्या मतें घरगुतीपणाचें मर्म या आवाजांत नाहीं. घराची ओळख पाहुणा आल्यावर पटते. गाण्याचीही तशीच पटते. यजमान गायकाच्या जोडीला दुसरा गळा आला म्हणजे त्याला कोठें बसवावयाचें हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याच्या उत्तरावरून गाणें घरचें आहे कीं नुसतें घरांत केलेलें आहे, हें ठरतें.

दुसरा गळा म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. पोवाड्यांत झीलकरी शाहिराची ओळ उचलतात, ती त्याच्या मागून. कंट्री गीतांतील साथीचा गायक तेच शब्द, त्याच क्षणीं, पण निराळ्या स्वरावर म्हणतो. मुख्य गायक श्वास केव्हां घेणार, शब्द कोठें लांबविणार, हें त्याला अगोदर ओळखावें लागतें. अशी साथ ही केवळ स्वरांची जुळणी नव्हे. ती एका माणसानें दुसऱ्याकडे दिलेलें लक्ष आहे.

१९२७ च्या उन्हाळ्यांत रॅल्फ पीअर यांनीं व्हिक्टर कंपनीसाठीं टेनेसी व व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टल गांवीं, टोप्यांच्या एका वखारींत, ध्वनिमुद्रणाचें यंत्र मांडलें. तेथें ऑगस्टच्या आरंभीं कार्टर कुटुंब गाऊन गेलें. मुख्य गळा सारा कार्टर यांचा. नात्यांतील मेबेल गिटार वाजवीत. आणि साराचे पति ए. पी. कार्टर यांचा खर्ज पुढें अनेक तबकड्यांतून लहरीप्रमाणें मध्येंच येई व मध्येंच नाहींसा होई. त्या काळीं आवाजांचें मिश्रण मागाहून करतां येत नसे. कोणी मायक्रोफोनच्या किती जवळ उभें राहावयाचें, एवढीच युक्ति हातीं होती. आज जें काम बोटांनीं होतें तें तेव्हां पायांनीं होई. आणि मागें सरणाराला आपण मागें सरत आहों याची जाणीव असे.

यावरून, गायक एका खोलींत समोरासमोर असल्यावांचून खरी साथ होत नाहीं, असें अनुमान कोणी काढील. आमचेंही मत पूर्वीं तसेंच होतें. परंतु जून १९३१ मधील एका तबकडीनें तें डळमळलें. पीअर यांनीं जिमी रॉजर्स आणि कार्टर कुटुंब यांना केंटकी राज्यांतील लुईव्हिल शहरीं एकत्र आणलें. रॉजर्स हे कार्टरांच्या व्हर्जिनियांतील घरीं पाहुणे आले आहेत, आगतस्वागत चाललें आहे, बोलतां बोलतां गाण्याला तोंड लागतें, असा प्रसंग या तबकडीवर आहे. दुसऱ्या एका तबकडीवर उलट भेट आहे. कार्टर मंडळी टेक्ससला रॉजर्सकडे गेलीं आहेत. मुद्रण मात्र दोन्हींचें लुईव्हिललाच झालेलें! हें कळलें तेव्हां आम्हांला फसल्यासारखें वाटलें. पण घर नव्हतें तरी भेट खरी होती. रॉजर्स क्षयानें खंगलेले होते; १९३३ सालीं ते वारले. त्या बनावट ओसरीवर दोन गायनपद्धती मात्र खरोखरच एकमेकींना जागा देत होत्या.

पुढें तर पाहुण्याचीही गरज उरली नाहीं. १९५० सालीं पॅटी पेज यांनीं ‘टेनेसी वॉल्ट्झ’ या गीतांत स्वतःच्याच गळ्याला स्वतःची साथ केली. १९७९ त टीॲक कंपनीनें कॅसेटच्या फितीवर चार आवाज वेगवेगळे घेणारें यंत्र काढलें आणि ही सोय सामान्य घरांत शिरली. आज ती संगणकांत आहे. तेव्हां समोरासमोर बसणें ही अट आम्ही सोडून देतों. अंतर राखण्याची अट मात्र सोडवत नाहीं.

अंतर म्हणजे काय, हें जॉनी कॅश यांच्या २००० सालच्या संग्रहांतील ‘आय सी अ डार्कनेस’ या गीतावरून कळतें. या मालेंतील गाणीं मोठ्या स्टुडिओऐवजीं बरीचशीं कॅश यांच्या टेनेसींतील लाकडी खोपटांत व निर्माते रिक रूबिन यांच्या घरीं मुद्रित झालीं. हें गीत विल ओल्डहॅम या तरुण कवि-गायकाचें. आपल्या अंतरींचा अंधार मित्राला सांगणारें. कॅश तेव्हां अडुसष्ट वर्षांचे, प्रकृति ढासळलेली, आवाज चिरलेला. कर्ता ओल्डहॅम स्वतःच्या गीतांत पाहुणा म्हणून येतो, ध्रुवपदाशीं मिळतो आणि मागेंच राहतो. ज्या मित्राला उद्देशून गीत आहे तो मित्रच जणूं खोलींत येऊन बसला आहे. हा आवाज थोडा पुढें ओढला असता तर दोन कीर्तिमंतांचें युगुलगीत झालें असतें, आणि मित्र निघून गेला असता.

आजचे हौशी मुद्रणकार नेमकी हीच चूक करतात. पाहुण्यानें दुसऱ्या गांवाहून आवाज पाठविला, कीं कृतज्ञतेच्या भरांत ते त्याला यजमानाच्या मांडीला मांडी लावून बसवितात. त्याचें प्रत्येक अक्षर ओढून नेमक्या क्षणावर आणतात, श्वास पुसून टाकतात, हळू शब्द मोठे व मोठे शब्द हळू करून सगळें सपाट करतात. लूव्हिन बंधूंसारखीं सख्ख्या भावांचीं गाणीं असतील तर समान मान योग्यच. तेथें पाहुणा कोणी नाहीं. इतरत्र मात्र पाहुण्याचा आवाज किंचित् उणा ठेवावा, दोघांना एकाच खोलीचा घुमारा द्यावा, आणि त्याला अर्धा क्षण उशीर झाला असेल तर तो तसाच राहूं द्यावा. त्या उशिरांत तो यजमानाकडे पाहत होता.

खुर्चीची करकर मग ऐकूं आली काय, न आली काय, आमची तक्रार नाहीं.