अनोळखी स्त्रीचे पत्र आणि तिचे परीक्षक

एखाद्या कलाकृतीला रसिक उशिरा लाभावेत, यात नवल नाही. परंतु आरंभीच्या परीक्षकांनी जे तिचे वैगुण्य म्हणून दाखविले, त्यातच पुढे तिचे मर्म सापडावे, हे विचार करण्याजोगे आहे. माक्स ओफ्यूल्स यांचा 'लेटर फ्रॉम ॲन अननोन वूमन' हा १९४८ सालचा हॉलिवूडचा बोलपट याचे उत्तम उदाहरण होय. श्टेफान झ्वाइग यांच्या १९२२ सालच्या कथेवर तो आधारलेला असून त्यातील काळ १९०० च्या सुमाराच्या व्हिएन्ना नगरीचा आहे. लिझा शेजारच्या पियानोवादकावर आजन्म प्रेम करते. त्याला मात्र ती प्रत्येक भेटीत परकीच वाटते.

अमेरिकेत या बोलपटाला गल्ला मिळाला नाही, आणि कित्येक परीक्षकांनी त्यावर भावविवशतेचा ठपका ठेवला. लिझा भाबडी आहे, हे आम्हांसही मान्य. परंतु तिची कथा सांगणारा दिग्दर्शकही भाबडा आहे काय?

प्राटर उद्यानातील प्रसंग पाहावा. दोघे एका खोट्या आगगाडीच्या डब्यात बसतात. खिडकीबाहेरून व्हेनिस, स्वित्झर्लंड सरकत जातात. ते रंगविलेले पडदे असून एक म्हातारा पायटे मारून ते फिरवीत असतो. लिझा त्या प्रवासात रंगून जाते. आपल्याला मात्र म्हाताऱ्याचे पायही दिसतात. तसाच तो जिना. मुलगी असताना लिझा वरून लपून पाहते, तो वादक एका स्त्रीला घरी आणीत असतो. पुढे त्याच जागेवरून आपण पाहतो, आणि या खेपेस त्याच्यासोबत लिझाच असते. पाहणारी जागा रिकामी आहे. तेथे आता प्रेक्षक उभा आहे. हा उमाळा नव्हे, हा निवाडा आहे.

दोष नाहीतच असे नाही. तिशीच्या जोन फाँटेन यांना शाळकरी मुलगी म्हणून स्वीकारणे जड जाते. नायक अखेर द्वंद्वास निघतो, हे प्रायश्चित्त झ्वाइग यांनी त्याला दिलेले नाही. त्यांचा शेवट अधिक कठोर, आणि आमच्या मते अधिक खरा आहे.

१९९२ साली अमेरिकेने हा बोलपट राष्ट्रीय चित्रपट-सूचीत घेतला. १९९६ मध्ये स्टॅन्ली कॅव्हेल यांच्यासारख्या तत्त्वज्ञाने त्यावर ग्रंथात प्रकरण लिहिले. 'बायकांसाठी काढलेला रडका बोलपट' म्हणून ज्याची बोळवण करता आली असती, त्याचा असा सन्मान झाला. डोळ्यांत पाणी आले की बुद्धी निजते, ही सुशिक्षितांची समजूत आम्हीही पुष्कळदा बाळगली आहे. ती एकदा तपासून पाहावी, एवढेच आमचे सांगणे.